हिरवी पॉन्टिॲक विकणे आहे

१२ एप्रिल, शनिवार

आज जीटीओ विकायला काढली. बँकेने नववर्षाला फुकट दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, तिलाही त्या निमित्ताने काम मिळालं. एकेचाळीस वर्षं मी या भागात मोटारी विकल्या. ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या माणसाच्या गळ्यात स्टेशन वॅगन मारली आहे आणि तो वर माझे आभार मानून गेला आहे. तेव्हा मर्ल स्टौफरचा शेवटचा सौदा कसा होतो ते लिहून ठेवलेलं बरं. नातवंडांना उपयोगी पडेल.

गाडी अशी: पॉन्टिॲक जीटीओ, अडुसष्ट सालची, गर्द हिरवी, वर पांढरं कापडी टप. बटण दाबलं की टप मागे जाऊन घडी होऊन बसतं. चार गिअर, हाताने टाकायचे. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. मी ती कोरी करकरीत घेतली होती, शोरूममध्ये नोकरीला लागल्या लागल्या. त्या वेळी माझ्याकडे बरे बूटसुद्धा नव्हते.

विकायची कल्पना माझ्या बायकोची, लव्हॉनची. स्वयंपाकघर नवं करायचंय म्हणते. कालपरवापर्यंत ते स्वयंपाकघर तिला पसंत होतं. पण मी फार वाद घातला नाही. गाडी विकायला काढणं वेगळं आणि विकणं वेगळं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

विकण्याची माझी रीत ठरलेली आहे. पहिली फेरी मालकाने मारायची. गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, टप खाली करायचं, मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये एकदा गुरगुरू द्यायची. अर्धा सौदा तिथेच होतो. मगच किल्ली त्याच्या हातात.

दुपारी टपालपेटीचा खांब पुन्हा सरळ केला. बर्फ ढकलणारा तो गाडीवाला दरवर्षी वाकवून जातो. "एप्रिलमध्ये बर्फ कुठला?" लव्हॉन म्हणाली. आधीच वाकवला असेल, माझं लक्ष आज गेलं.

१५ एप्रिल, मंगळवार

मंगळवार म्हणजे ईनोस आणि आल्माला बाजारात न्यायचा दिवस. आमची शेजारची शेतं सगळी आमिश लोकांची. ही मंडळी मोटार बाळगत नाहीत, चालवत नाहीत. घोड्याची बग्गी हेच त्यांचं वाहन. पण दुसऱ्याने चालवलेल्या मोटारीत बसायला त्यांची ना नसते. म्हणून निवृत्त झाल्यापासून माझी व्हॅन त्यांच्या सेवेला आहे. ईनोस बॉन्ट्रेगर माझ्याच वयाचा, दाढी छातीपर्यंत, बोलणं मोजकं.

आल्माचं मात्र काहीतरी बिनसलंय. इतकी वर्षं ती मागे गुपचूप टोपली मांडीवर घेऊन बसायची. हल्ली पुढच्या सीटवर बसते आणि तोंडाचा पट्टा सुरू. "मर्ल, उजवीकडून बग्गी येतेय." "मर्ल, ती सायकलवाली पोरगी." "मर्ल, थांबायची पाटी." मी म्हटलं, "आल्मा, अगं चालवायची एवढी हौस असेल तर धर्म बदल." ती हसली नाही. ईनोस मागे बसून हॅट मांडीवर फिरवत होता.

म्हातारपणी काही बायकांना कंठ फुटतो. लव्हॉनचं अजून तसं नाही, नशीब माझं. ती गाडीत शांत बसते.

१९ एप्रिल, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक. शिकागोचा दातांचा डॉक्टर, पायात असले बूट की शेणात पडले तर माणूस रडेल.

"इतकी सुंदर गाडी विकताय का?" त्याने विचारलं.

"बायकोला स्वयंपाकघर हवंय," मी म्हटलं. असं उत्तर चालतं. गिऱ्हाइकाला वाटतं, मालक नाइलाजाने विकतोय.

टप खाली केलं, निघालो. ऊन छान होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात एक लाल ट्रक कुठूनतरी टपकला. हल्ली वाहनं कुठूनही टपकतात, लोकांना चालवायचं वळणच राहिलेलं नाही. मी वेळेवर ब्रेक मारला. डॉक्टर जरा जोरात किंचाळला, पण दातवाल्यांना दुसऱ्यांच्या किंचाळण्याची सवय असते, स्वतःच्या नसते. परत आल्यावर मी किल्ली पुढे केली तर म्हणाला, "नको, नको. दिसली गाडी. विचार करून सांगतो."

बायकोला भिणारा माणूस. असली गिऱ्हाइकं मी बुटावरून ओळखतो.

लव्हॉनने जेवताना विचारलं, "थेंब घातलेस का?" जानेवारीत तिने मला फोर्ट वेनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं होतं. काचबिंदू म्हणाला, डोळ्यातला दाब म्हणाला, बाजूचं किती दिसतं ते पाहतो म्हणून यंत्रात हनुवटी टेकवून बसवून ठेवलं. मी त्याच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचून दाखवली. ज्याला ती ओळ वाचता येते त्याच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? घालीन थेंब.

२६ एप्रिल, शनिवार

आज फार मनाला लागलं. नीट लिहितो.

मन्सीहून ग्लेन पाइक नावाचा माणूस आला. गाड्यांतला जाणकार. आल्या आल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे, मीही करायचो. पत्रा अस्सल असेल तर चुंबक चिकटतं. ठोकून आत पुट्टी भरलेली असेल तर गळून पडतं. मी म्हटलं, "लाव बाबा, कुठे हवं तिथे लाव." कमरेवर हात ठेवून ऐटीत उभा राहिलो.

दरवाज्याला चिकटलं. डिकीला चिकटलं. पुढच्या उजव्या मडगार्डला लावलं आणि ते घसरून खडीवर पडलं.

"इथे पुट्टी आहे, आजोबा," तो म्हणाला.

"शक्यच नाही."

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. "कधीतरी ठोकलीय."

"अरे, कोरी असल्यापासून माझ्या हातात आहे. ओरखडा नाही तिच्यावर."

तो रुमाल खिशात घालत म्हणाला, "म्हणजे एक तर तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर तुम्हाला ठाऊकच नाही. माझ्या दृष्टीने दोन्ही वाईट." आणि फेरी न मारता निघून गेला.

मी गिऱ्हाइकांना चढवून सांगितलं असेल, गोड बोलून दोन गोष्टी जास्तीच्या विकल्या असतील. पण ठोकलेली गाडी न ठोकलेली म्हणून कधी खपवली नाही. सगळी पंचक्रोशी हे सांगेल. आज माझ्या अंगणात एका उपऱ्याने मला खोटारडा म्हटलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं.

त्याचं चुंबकच भिकार असणार. लव्हॉन पायरीवर उभी राहून सगळं ऐकत होती, मग ओव्हनमध्ये काहीतरी आहे म्हणून आत पळाली. ओव्हन गार होता, मी नंतर पाहिलं.

६ मे, मंगळवार

सकाळी व्हॅन पुसून ईनोसच्या फाटकाशी गेलो, तर तिथे डॉयलची पांढरी व्हॅन. तोही आमिश मंडळींच्या फेऱ्या मारतो, पण भाडं घेऊन. आल्मा तिच्यात मागे बसलेली, टोपली मांडीवर.

मी उतरून ईनोसला गाठलं. "काय रे, मी मेलो की काय?"

"डॉयलचंही घर चालायला हवं, मर्ल," तो म्हणाला आणि त्याने घोड्याच्या मानेवरचा नसलेला धुरळा झटकला.

"त्याच्या गाडीला तंबाखूचा वास येतो."

"येतो खरा."

"मग?"

"आल्माला तो वास चालतो," ईनोस म्हणाला. आल्माला तंबाखूच्या नावानेसुद्धा शिंका येतात. हा माणूस खोटं बोलायला अगदीच कच्चा आहे.

ठीक आहे. मला काही कमी नाही. माझी मदत कुणाला नको असेल तर मी पाय धरायला जाणार नाही. घरी येऊन गाडीला दोनदा मेण लावलं.

१७ मे, शनिवार

आज झकास दिवस गेला. गिऱ्हाईक येणार होतं, त्याने रद्द केलं. लव्हॉन चर्चच्या विक्रीसाठी पाय-पेस्ट्री भाजायला गेली होती. मी म्हटलं, गाडी विकली जाण्याआधी दोघांनीच फिरून यावं, ती आणि मी.

टप खाली, सफरचंदांना बहर, रस्ता मोकळा. तिसरा गिअर टाकला आणि सत्तरीचा माणूस पुन्हा पोरगा झाला. आमिश शाळेच्या पुढच्या उतारावर तर मी चक्क गात होतो. मागे कुणीतरी मोठ्याने ओरडलं. अशी गाडी दिसली की लोक ओरडतातच. मी न बघताच हात वर करून हलवला.

वाटेत थांबून टेंडरलॉइन खाल्लं, डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा, पावाच्या चौपट आकाराचा. तिथल्या पोरीने विचारलं, "कितीला विकताय?" आणि माझी छाती फुगली. कोण म्हणतं माझे दिवस संपले? सोमवारपासून नव्या जोमाने जाहिरात देतो.

१९ मे, सोमवार

संध्याकाळी ईनोस चालत आला. हॅट हातात. लव्हॉनने खुर्ची दिली, पण बसला नाही.

"मर्ल, शनिवारी शाळेजवळच्या उतारावर आल्मा बग्गीत होती," तो म्हणाला. "तू तुझ्या उजव्या अंगाने तिला घासून गेलास. घोडा बुजला. बग्गी चरात गेली, चाक मोडलं. आल्माचं मनगट मुरगळलंय. घोडा बरा आहे."

मी म्हटलं, "मी नव्हतो. मला कुणी बग्गी दिसली नाही."

"ती ओरडली तुला," ईनोस म्हणाला. "तू हात केलास."

लव्हॉन ओट्याला धरून उभी होती.

मी विचारलं, "शेरीफला सांगितलंस?"

"तसं आमच्यात नसतं. मी तुला माफ केलंय. ते काम मी घरून निघण्याआधीच उरकलं." त्याला बोलणं जड जात होतं, दाढी हलत होती. "पण मी माफ केलं म्हणून तुला दिसायला लागणार नाही, मर्ल."

तो गेल्यावर मी लव्हॉनवर उखडलो. म्हटलं, म्हातारा कांगावा करतो, चाक आधीच कुजकं असेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "त्या मडगार्डमध्ये पुट्टी आहे. मी भरून घेतली."

ऑक्टोबरातली गोष्ट. चर्चच्या आवारात मी उजव्या बाजूने लोखंडी खांबाला गाडी घासली. पत्रा फाटल्याचा आवाज झाला म्हणे. इंजिनाच्या गुरगुरण्यात मला तो कळला नाही. उतरून थेट आत गेलो, लोकांना हात मिळवायला. दुसऱ्याच दिवशी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मी इस्पितळात असताना तिने तिच्या चुलतभावाच्या गॅरेजात मडगार्ड भरून, रंगवून आणला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू चर्चला खांब हलवायला लावला असतास," ती म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं. म्हणजे तो मन्सीचा माणूस खरं बोलत होता, आणि स्वयंपाकघराची तर गरजच नव्हती.

२४ मे, शनिवार

इतके दिवस लिहिलं नाही. लव्हॉनशी बोललोही नाही, फक्त मीठ दे, पाणी दे. मला राग आला होता, आणि राग नक्की कुणाचा ते ठरत नव्हतं.

आज मीच म्हटलं, "बघू या एकदाचं." मागच्या अंगणात खुर्ची ठेवून बसलो, नजर समोरच्या मेपलच्या खोडावर. लव्हॉनने पांढरा टॉवेल हातात धरून माझ्या मागून, कडेकडेने पुढे यायचं आणि टॉवेल दिसला की मी सांगायचं.

मी वाट बघत बसलो. ती निघालीच नाही असं वाटलं. "अगं, चल की," मी ओरडलो.

"मर्ल, मी तुझ्या खांद्याच्या पुढे आलेय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी जवळून आला. टॉवेल दिसला तेव्हा ती जवळजवळ मेपलसमोर उभी होती. दुसऱ्या बाजूने केलं. तेच.

खोडावरची साल मला रेघ न् रेघ दिसत होती. मुंगी चालत होती तीही दिसत होती. आणि माझी बायको दिसत नव्हती. मी घाबरलो. हे लिहायला लाज वाटत नाही. लव्हॉन टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या पायाशी गवतावर बसली.

दुपारी शेताच्या बांधावरून चालत ईनोसकडे गेलो. आल्मा पडवीत, मनगटाला फडकं. मी माफी मागितली. मला ती नीट जमली नाही, वाक्य अर्धवट राहिलं.

"पुढच्या सीटवर बसून मी इतके दिवस काय करत होते असं वाटलं तुला?" आल्मा म्हणाली. "मला काय तुझ्याशी गप्पा मारायची हौस होती?" आणि तिने मला रुबार्बची आंबटगोड पाय-पेस्ट्री खाऊ घातली, एका हाताने वाढून. चाक मी भरून देतो म्हटलं. ईनोस म्हणाला, ते झालंसुद्धा.

डोळ्यांत थेंब घातले. आता रोज घालतोय. गेलेलं परत येत नाही म्हणे, आहे ते टिकतं.

१४ जून, शनिवार

गाडी विकली.

गोशनची बाई होती, जोलीन राउच. शाळेची बस चालवते. दंड कुस्तीगिरासारखे, हसणं मोकळं. तिच्या वडलांकडे अशीच होती, तांबडी. ती लहान असताना विकावी लागली. आल्यावर ती गाडीला हात न लावता एक अख्खी प्रदक्षिणा घालून आली. मी मनात म्हटलं, हे खरं गिऱ्हाईक.

"का विकताय, मिस्टर स्टौफर?"

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. "मला बाजूचं दिसत नाही," मी म्हटलं. "एका बाईला चरात घातलं मी. आणि हा पुढचा उजवा मडगार्ड पुट्टीचा आहे. खांबाला घासला, मला कळलंच नाही. चुंबक आणलं असेल तर लावून बघ, चिकटणार नाही."

एवढं बोलायला मला उन्हात नांगरल्यासारखा घाम आला. पण बोलून झाल्यावर बरं वाटलं. सौद्यात इतका खरेपणा मी पूर्वी केला असता तर उपाशी मेलो असतो. "बसमध्ये माझ्या मागे चाळीस पोरं असतात," ती म्हणाली. "असं सांगणारे लोक मला आवडतात." मग तिने बाह्या सावरल्या आणि इंजिन ऐकलं, तेल पाहिलं, खाली झोपून चॅसी पाहिली. काम येणारी बाई.

मग गंज बघायला तिने पायाखालच्या चटया उचलल्या. माझ्या बाजूचा गालिचा क्लचखाली झिजलेला, तो झिजणारच. शेजारच्या सीटपुढची रबरी चटई लव्हॉनने गेल्या वर्षी कुठूनशी आणून घातली होती. जोलीनने ती उचलली आणि थबकली.

"इथे काय झालंय? उंदरांनी खाल्लं?"

मी वाकून पाहिलं. समोरचं मला स्पष्ट दिसतं. गालिच्याला उजव्या पायाच्या जागी, वर चढणाऱ्या पत्र्यावर दोन भोकं पडली होती, टाचेएवढं खाली आणि चवड्याएवढं वर. खालचा पत्रा घासून चकाकत होता. त्या बाजूला पाय घासण्यासारखं काहीच नाही. ना क्लच, ना काही.

लव्हॉन कॉफी घेऊन आली होती. ट्रे धरून ती पायरीवरच उभी राहिली.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "ब्रेक शोधत होते."

जोलीन हसली. लव्हॉनही हसली. मला जमलं नाही. लोखंडी खांब, लाल ट्रक, टपालपेटी आणि मला कधीच कळणार नाहीत अशा आणखी किती गोष्टी. मी वाऱ्यावर गात गाडी हाकत होतो आणि ही माझ्या शेजारी बसून, तोंडातून अवाक्षर न काढता, पत्र्यावर पाय रोवून गाडी थांबवत होती. गिऱ्हाइकाच्या बुटावरून त्याचं मन सांगणारा मी. बायकोचा बूट मी पाहिला नाही.

"पहिली फेरी तू मार," मी जोलीनला म्हटलं. लव्हॉनला मी शेजारी बसायला लावलं आणि स्वतः मागच्या सीटवर गेलो. जोलीनने गिअर असे टाकले की इंजिनाला कळलंसुद्धा नाही. उतारावर एक बग्गी आली, ती मला दिसली नाही. गाडी हळू झाली म्हणून कळलं. लव्हॉनने केसांचा रुमाल सोडला आणि डोकं मागे टेकलं. तिचे पाय तिने चक्क सीटवर वर घेतले होते, पोरीसारखे. या गाडीत तिला असं बसलेलं मी लग्नाआधी पाहिलं असेल.

परत आल्यावर हातात हात घेऊन सौदा पक्का केला. मी सांगितलेली किंमत जोलीनने दिली, घासाघीस केली नाही. गाडी फाटकातून उजवीकडे वळली आणि माझ्यापुरती लगेच नाहीशी झाली. लव्हॉनला अजून दिसत होती. ती बराच वेळ हात हलवत होती, आणि ती थांबली तेव्हा मीही थांबलो.

जेवणाच्या टेबलावर व्हॅनच्या किल्ल्या पडल्या होत्या, नेहमीसारख्या माझ्या ताटाजवळ. मी त्या तिच्या बाजूला सरकवल्या.

"उद्या चर्चला तू ने," मी म्हटलं. मग विचारलं, "पाय दुखायचा का गं?"

"रोज," लव्हॉन म्हणाली आणि किल्ल्या एप्रनच्या खिशात टाकून तिने माझ्या ताटात बटाटे वाढले.